लहान मुलांना आकार कसे शिकवावेत? साताऱ्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

बालवाडी सुटायच्या वेळी दारात आई-बाबा, आजी-आजोबा जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधारण अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे पालक जास्त अडतात तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात आवरलं आहे.

आकार शिकवायला कोणत्या वयात सुरुवात करावी?

सुरुवात बहुतेक घरांत आधीच झालेली असते. वर्षा-दीड वर्षाचं पोर डबा आणि झाकण घेऊन तासभर खटपट करतं, ती आकारांचीच शिकवणी आहे. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास सारख्या आकारावर सारखा आकार ठेवता येतो. तिसऱ्या वर्षाच्या आसपास "यातला गोल दे" म्हटलं की उचलून देता येतो. "हे काय आहे?" या प्रश्नाला स्वतःहून नाव सांगणं त्याच्या पुढचं, आणि कागदावर काढणं सगळ्यात शेवटी येतं.

आधी जुळवणं, मग दाखवणं, मग सांगणं आणि मग काढणं, असा हा क्रम आहे. घरी मात्र आपण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. बोट दाखवून "हे काय? सांग ना, काल तर सांगितलं होतंस!" मूल गप्प बसलं की त्याला येत नाही असा निकाल लागतो. त्याच मुलाला चार तुकडे देऊन "यासारखा दुसरा शोध" म्हणा, बहुतेक वेळा शोधून देईल.

कोणते आकार आधी घ्यायचे?

गोल, मग चौकोनी, मग त्रिकोणी. पण कागदावरच्या आकारांआधी हातात धरायच्या वस्तू घ्या. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली, ज्यातून पुढे किंडरगार्टन जगभर गेलं. त्यांनी मुलांच्या हातात पहिल्यांदा दिले लोकरीचे चेंडू. त्यानंतर लाकडाचा गोळा, ठोकळा आणि नळकांडं असा संच. तक्ता नव्हे.

हा संच घरातच असतो: चेंडू, एखादं खोकं आणि पावडरचा रिकामा डबा. पाटाचं एक टोक दोन पुस्तकांवर टेकवून घसरगुंडी करा आणि एकेक वस्तू वरून सोडा. चेंडू कसाही ठेवा, घरंगळतो. खोकं घसरतं किंवा बसून राहतं. डब्याची गंमत वेगळी: आडवा ठेवला तर पळतो, उभा ठेवला तर हट्टाने जागेवर. पोरं हा डबा पुन्हा पुन्हा आडवा-उभा करत बसतात, त्यांना मध्ये थांबवून नाव विचारू नका. तो डबा चिखलात किंवा ओल्या वाळूत उभा दाबला की गोल ठसा उमटतो, खोक्याचा ठसा चौकोनी. सपाट आकार या भरीव वस्तूंच्या अंगावरूनच आलेले आहेत हे त्यांना इथे दिसतं.

चौकोन म्हणायचं की चौरस? आमच्या घरी दोन्ही चालतं.

चार सरळ बाजूंची बंद आकृती म्हणजे चौकोन. चौरस, आयत, शंकरपाळा, पतंग हे सगळे चौकोनच. बोलताना आपण सर्रास चौरसालाच चौकोन म्हणतो, आणि तीन वर्षांच्या मुलाशी तसं बोललं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. चार-साडेचारच्या पुढे मात्र फरक करायला लागा: "हा चौकोन आहे, आणि याच्या चारही बाजू सारख्या, कोपरे सरळ, म्हणून हा चौरस." ताट आणि चेंडू दोघांनाही आपण गोल म्हणतो, त्याचंही तसंच. वर्तुळ हा शब्द घोकून घ्यायची घाई नको. चेंडू सगळीकडून गोल आणि ताट फक्त वरून पाहिलं तर गोल, एवढं त्याला हाताळून कळू द्या. शब्द मागाहून येईल.

तक्त्यावरचे सगळे आकार धडाधड ओळखतो. पण चौरस तिरका ठेवला की "हा चौरस नाही" म्हणतो. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दोष मुलाचा नाही, तक्त्याचा आहे.

बाजारातला कोणताही आकारांचा तक्ता उघडून बघा. त्रिकोण नेहमी तिन्ही बाजूंनी सारखा, टोक वर, बूड खाली सपाट. चौरस नीट बसलेला. आयत आडवा पसरलेला. मूल रोज तेच चित्र बघतं आणि 'त्रिकोण' हे त्या एका चित्राचं नाव आहे असं धरून चालतं. मग लांबोडका, अणकुचीदार त्रिकोण दिला की तो "काटा" होतो आणि उलटा धरला की "पडला".

नेदरलँड्समध्ये पिएर व्हॅन हिले आणि डीना व्हॅन हिले-गेल्डॉफ या शिक्षक जोडप्याने १९५७ मध्ये भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकाराकडे आपण ओळखीच्या माणसाकडे बघतो तसं बघतं: चेहरामोहरा जुळला की झालं. बाजू किती, कोपरे किती हे मोजून ओळखणं ही पुढची पायरी. त्यांचा महत्त्वाचा मुद्दा असा की नुसतं वय वाढलं म्हणून माणूस वरच्या पायरीवर जात नाही. डोळ्यासमोर काय येतं आणि त्यावर काय बोललं जातं, यावर ते अवलंबून असतं. दहावीतल्या मुलांनासुद्धा काटकोन त्रिकोण फिरवून दिला की कर्ण सापडत नाही, त्याचं मूळ कुठे आहे ते यावरून लक्षात यावं.

घरी करायचं काय, तर मिठाईचं किंवा बुटांचं खोकं कापा आणि निरनिराळे त्रिकोण तयार करा. एक लांबट आणि टोकदार, एक बसका आणि रुंद, एक सरळ कोपऱ्याचा, एक तक्त्यावरच्यासारखा. सगळे एकाच रंगाचे ठेवा. त्यात मुद्दाम काही तोतये मिसळा: एक बाजू फुगीर असलेला, एक टोक छाटलेला, दोऱ्याने बनवलेला पण एका कोपऱ्यात उघडा राहिलेला. सगळं सुपात टाका आणि मुलाला त्रिकोण वेचायला सांगा.

मजा पुढच्या प्रश्नात आहे: "हा का घेतलास? तो का टाकलास?" सुरुवातीला उत्तर येईल, "तो तसा दिसत नाही म्हणून." बरोबर-चूक सांगू नका. त्याच्या बोटाला धरून कडेवरून फिरवा: सरळ, कोपरा, सरळ, कोपरा, सरळ, कोपरा, संपलं. टोक छाटलेल्या तुकड्यावर बोट फिरवताना चौथी बाजू लागते, आणि तिथे मूल थबकतं. त्या थबकण्यात आपण बोलायचं नाही. मग चांगला त्रिकोण त्याच्याच हाताने फिरवायला द्या, टोक खाली, टोक बाजूला, आणि दर वेळी विचारा, "आता आहे का?" आपण फिरवून दाखवलं तर ते पाहतं, स्वतः फिरवलं तर ते मानतं. तिरक्या चौरसाचं औषधही हेच.

शाळेच्या चित्रात डोंगर त्रिकोणी काढायला सांगतात. ते चालेल ना?

चालेल, पण आधी खिडकीतून बाहेर बघा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी, हे चित्र महाराष्ट्रभर काढलं जातं. साताऱ्यात मात्र डोक्यावर अजिंक्यतारा आहे आणि त्याचा माथा सपाट आहे. सज्जनगडाचंही तसंच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. ते थर झिजून जे उरलं ते पायऱ्यापायऱ्यांचं आणि वरून सपाट. कासचं पठार त्याच घडणीतलं.

मुलाला गच्चीवर नेऊन बोटाने हवेत अजिंक्यताऱ्याची कड गिरवायला लावा. एक बाजू चढते, वर आडवी जाते, पुन्हा उतरते. किती बाजू झाल्या? खाली जमीन धरली तर चार. आमच्याकडे एका चिमुरडीने यावर "डोंगराचं डोकं कापलंय" असं सांगितलं. समलंब चौकोन हे नाव तिला पुढे कधीतरी भेटेल. बाईंनी सांगितलेला त्रिकोणी डोंगर वहीत काढू द्या, भांडायची गरज नाही. दुसऱ्या पानावर आपला काढा.

माझी मुलगी घडी घातलेल्या पोळीला त्रिकोण म्हणते. बरोबर म्हणावं का?

अर्धं बरोबर. पोळी एकदा दुमडली की अर्धगोल, पुन्हा दुमडली की तीन टोकांचा पाव तुकडा. त्याला दोन कडा सरळ आहेत आणि तिसरी गोलाकार. त्रिकोणाच्या तिन्ही कडा सरळ लागतात.

तिला "चूक" म्हणू नका, कारण तिने तीन टोकं मोजली, हे मोठं काम झालं. "सगळ्या कडा सरळ आहेत का गं?" एवढंच विचारा आणि पोळी खाऊन होईपर्यंत वाट बघा. जमलं तर त्या गोल कडेचा पट्टा सुरीने सरळ कापून द्या: आता झाला त्रिकोण. उरलेला पट्टा बहुतेक वेळा आधी पोटात जातो.

चौरस हासुद्धा आयतच असतो, हे लहान मुलाला सांगायचं का?

सांगायची गरज नाही. पण उलटं शिकवू नका. "आयत म्हणजे दोन बाजू लांब, दोन आखूड" असं एकदा डोक्यात बसलं की पुढे वरच्या वर्गातल्या बाईंना ते खोडत बसावं लागतं. त्यापेक्षा कोपऱ्यावर लक्ष द्या. पोस्टकार्डाचा कोपरा घ्या आणि घरभर वस्तूंच्या कोपऱ्यांना लावत फिरा. दाराच्या, फरशीच्या, पाटाच्या कोपऱ्यात तो चपखल बसतो, शंकरपाळ्याच्या कोपऱ्यात बसत नाही. "चारही कोपऱ्यांत कार्ड बसलं की आयत" एवढं ठरवलं तर चौरस आपोआप आत येतो आणि कुणाला काही विसरावं लागत नाही.

महागडी लाकडी कोडी घ्यायलाच हवीत का?

नाही. घेतली तर वाईटही नाहीत.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढलं. त्यांच्या साधनांत आकारांच्या चौकटी आहेत, खुंटीने उचलायच्या आणि नेमक्या खाचेत बसवायच्या. त्यात एक शहाणपण आहे: चुकलं की तुकडा बसतच नाही, मोठ्यांनी "चुकलं" म्हणायची वेळ येत नाही. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तिथे पानं, बिया, खडे, शिंपले हीच साधनं झाली. खाच महत्त्वाची, लाकूड नव्हे.

पुठ्ठ्यात खाच कापायला आपल्याला एक संध्याकाळ पुरते. विकत घेणार असाल तर एक गोष्ट तपासा. बऱ्याच संचांत प्रत्येक आकाराला वेगळा रंग असतो आणि खाचेलाही तोच रंग. मूल लालवर लाल ठेवतं, आपण आकार आला म्हणून टाळ्या वाजवतो. एकरंगी संच शोधा, नाहीतर आहे त्यावर एकच रंग फासा.

त्रिकोण दाखवला की "लाल" म्हणतो. रंग आणि आकार यांत गोंधळ होतोय.

वरचंच कारण. तीनच्या आसपास हा गोंधळ असायचाच. रंग डोळ्यात आधी भरतो. आठवडाभर आकारांचा खेळ एकाच रंगात खेळा. नंतर लाल त्रिकोण, पिवळा त्रिकोण, लाल चौरस असे तीन मांडून विचारा, "यातले कुठले दोन एकसारखे?" लाल-लाल म्हणाला तरी बरोबर, त्रिकोण-त्रिकोण म्हणाला तरी बरोबर. "अजून कसे एकसारखे?" हा पुढचा प्रश्न.

स्वयंपाकघरात काम करताकरता काही शिकवता येईल का?

आकार शिकवायला घरात त्याहून चांगली जागा नाही. काकडी सरळ कापली की गोल चकती, सुरी तिरकी धरली की लंबगोल. एकाच काकडीतून दोन आकार निघाले, हे बघून चार वर्षांची मुलंसुद्धा पुढची काकडी आपणहून आणून देतात. भेंडीचं देठाकडचं टोक कापून रंगात बुडवून कागदावर उठवा, बहुतेक भेंड्यांचा ठसा पाच कोपऱ्यांचा येतो. एखादी जास्त कडांची निघाली तर उत्तम, मोजायला कारण मिळालं.

दिवाळीच्या फराळाला मुलांना बाहेर पिटाळू नका. शंकरपाळ्यांची पोळी लाटून झाली की आधी सगळ्या उभ्या रेघा कातण्याने आपण मारायच्या. मग आडव्या रेघा मारण्याआधी थांबून विचारायचं, "सरळ मारू की तिरक्या?" सरळ मारल्या तर चौरस, तिरक्या मारल्या तर शंकरपाळा. रेघा तितक्याच, अंतरही तितकंच, फक्त कल बदलला आणि आकार पालटला. कडेचे तुकडे बघायला विसरू नका. तिथे वेडेवाकडे त्रिकोण निघतात, तक्त्यावर कधीच न दिसणारे. आमच्या ओळखीच्या एका आजी ते मुद्दाम वेगळे तळून नातवंडांना देतात आणि आधी कोपरे मोजायला लावतात. करंजीचा अर्धगोल, चकलीचा चक्राकार, अनारशाचा गोल हे त्याच बैठकीत होऊन जातं.

मोबाईलवरचे व्हिडिओ आणि ॲप उपयोगी पडतात का?

नावं पाठ होतात. काचेवर बोट फिरवताना कोपरा टोचत नाही, कड संपत नाही, खाचेत तुकडा अडत नाही. शिवाय त्यातला त्रिकोण तोच तक्त्यातला, फक्त त्याला डोळे आणि हसू काढलेलं. प्रवासात दहा मिनिटं दाखवलं तर ठीक. शिकवणी म्हणून नको.

साडेचार वर्षांचा आहे, त्रिकोण ओळखतो पण काढता येत नाही. सराव वाढवू का?

नका वाढवू. ओळखणं डोळ्यांचं, काढणं हाताचं, आणि हात मागून येतो. साधारणपणे बघून गोल काढणं तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतं, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या सुमारास, चौरस साडेचारच्या आसपास, त्रिकोण पाचला. तिरक्या बाजूंचा शंकरपाळा तर सहा-सात वर्षांपर्यंत अनेकांना जमत नाही. तिरकी रेघ अवघड असते, कारण हाताला एकाच वेळी बाजूलाही आणि खालीही जायचं असतं. मागे-पुढे सहा महिने सहज चालतात.

दरम्यान काढण्याऐवजी बनवू द्या. ठिपक्यांची रांगोळी यासाठी फार कामाची: तीन ठिपके द्या आणि रेघेने जोडायला सांगा, मग तेच ठिपके लांब-जवळ करून द्या. दर वेळी वेगळा त्रिकोण. खराट्याच्या काड्या समान तोडून तीन-तीन, चार-चार मांडू द्या.

अजून एक खेळ आहे. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी स्वस्त खेळण्यांतून विज्ञान घरोघरी नेलं, त्यांच्यामुळे तो गाजला. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे सांधे म्हणून वापरायचे आणि गुल खरवडून काढलेल्या आगकाड्या त्यात खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण होतो, चारांचा चौरस. आता दोन्ही बोटांत धरून दाबा. चौरस लगेच कलंडून शंकरपाळा होतो, त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या शेडची कैची आणि विजेचे मनोरे तिरक्या पट्ट्यांनी का भरलेले असतात, ते मुलाला दाखवा. पाच वर्षांच्या मुलाला हे बोटांतून कळतं, आणि ते कळल्यावर ते रस्त्याने जाताना प्रत्येक मनोऱ्याकडे बोट दाखवतं, याची तयारी ठेवा.

आकार उलटा केला तरी तोच, असं शिकवलं. आता ३ आणि ६ उलटे लिहिते. आमचं चुकलं का?

नाही. उलट तिने शिकवलेलं नीट घेतलं आहे. कप कान डावीकडे करून ठेवला तरी कपच. त्रिकोण टोक खाली करून ठेवला तरी त्रिकोणच. मग ३ चं तोंड दुसरीकडे वळवल्यावर ते एकदम ६ कसं होतं? अंक आणि अक्षरं ही जगातली पहिली अशी गोष्ट आहे जिथे दिशा बदलली की ओळख बदलते. हे मुलाला नव्याने सांगावं लागतं आणि पक्कं व्हायला वेळ लागतो. सहा-सात वर्षांपर्यंत उलटे अंक निघतातच. वाळूच्या ताटात ३ आणि ६ शेजारी शेजारी गिरवून "याचं तोंड कुठे, त्याचं कुठे" एवढं बोला. आकारांचं फिरवणं बंद करू नका.

शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. घरी गोल आणि तिथे सर्कल, असं चालेल का?

चालेल. आई, मम्मी आणि मम्मा एकच हे कळणाऱ्या मुलाला हे जड नाही. फक्त घरातल्या घरात तरी एकवाक्यता ठेवा. बाबा स्क्वेअरला चौकोन म्हणतात, आई बॉक्स म्हणते आणि दादा चौरस, असं झालं की गोंधळ भाषेचा नसून घराचा असतो.

साताऱ्यात फिरायला नेताना आकारांच्या दृष्टीने काय दाखवावं?

लिंबची बारा मोटांची विहीर पहिली. अठराव्या शतकातली ही दगडी विहीर अष्टकोनी आहे. आठ बाजू उतरंडीच्या पायऱ्यांवरून मोजता येतात, एकेक कोपरा दाखवत. विहीर खूप खोल आहे, तेव्हा मोजताना पोराचा हात आपल्या हातातच हवा. वाईला गेलात तर ढोल्या गणपतीचं देऊळ फक्त समोरून बघून परतू नका. मागे जाऊन भिंत दाखवा. तिचा आकार माशासारखा निमुळता आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. सपाट भिंत असती तर काय झालं असतं, हे बादली आणि पुठ्ठ्याने घरी करून बघता येतं.

महामार्गावरून जाताना पाट्या मोजा. आपल्या रस्त्यांवर धोक्याच्या सूचनेची पाटी लाल काठाची त्रिकोणी असते, नियम सांगणारी बहुतेक गोल, आणि पेट्रोल पंप-दवाखाना अशी माहिती देणारी निळी आयताकृती. थांबा सांगणारी अष्टकोनी, म्हणजे लिंबच्या विहिरीची बहीण. वाट द्या म्हणणारा त्रिकोण टोक खाली करून उभा असतो: तक्त्यावर वाढलेल्या मुलाला तो आधी दिसतच नाही, सुपातले त्रिकोण वेचलेल्या मुलाला लांबूनच दिसतो. परतताना कंदी पेढे घेणारच. डब्यात ते गोल-गोल ठेवले की मधे मोकळ्या फटी राहतात, बर्फीच्या वड्या ठेवल्या की फट राहत नाही. का, ते मुलालाच सांगू दे.

पहिलीत जाण्याआधी नेमकं किती यायला हवं?

वर्तुळ, त्रिकोण, चौरस, आयत ओळखता यावेत, फिरवले तरी. बाजू आणि कोपरे मोजता यावेत. दोन आकार जोडून तिसरा करता यावा, जसे दोन त्रिकोणांतून एक चौकोन. एवढं खूप झालं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून. सहाव्या वाढदिवसाला सगळं संपवायचं नाही. षटकोन, पंचकोन ओळखणारं पाच वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर छान दिसतं, एवढाच त्याचा उपयोग.

पाहुण्यांसमोर "सांग बघू" म्हटलं की गप्प बसतो.

मग पाहुण्यांना चहा द्या.

काळजी कधी करावी?

नावं येत नाहीत म्हणून करू नका. चार वर्षांनंतरही सारखे आकार जुळवता येत नसतील, वस्तू अगदी डोळ्याजवळ नेत असेल, मान तिरकी करून किंवा एक डोळा मिटून बघत असेल, तर आधी डोळे तपासा. एका डोळ्याची नजर कमी असली तरी मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दुसरं माहीतच नसतं. आळशी डोळ्यावर जितक्या लवकर उपचार तितका गुण चांगला. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि तुम्हाला जे दिसलं ते पथकातल्या डॉक्टरांना सांगा. डोळे ठीक असतील आणि बोलणं, समजणं, हाताचं काम यांतही मूल बरंच मागे वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना भेटा.

रोज किती वेळ द्यायचा?

दहा मिनिटं, आणि मूल कंटाळण्याआधी थांबायचं. खेळ रंगात आला असेल तर घड्याळ बघू नका.

धाकटा दीड वर्षाचा आहे, सगळे तुकडे तोंडात घालतो. काय करू?

आगकाड्या, मणी, बिया, ट्यूबचे तुकडे तो झोपला की मोठ्याला द्या आणि मोजून परत घ्या. पुठ्ठ्याचे तुकडे धाकट्याच्या मुठीपेक्षा बरेच मोठे कापा. चिकटपट्टी किंवा चमकीचा कागद लावू नका, ते निघून घशात जातं. चघळून ओले झालेले तुकडे जपत बसू नका, नवे कापा. खोकी घरात येतच असतात.